फाइनबर्ग, लेस्ली
(१ सप्टेंबर १९४९–१५ नोव्हेंबर २०१४). अमेरिकन लेखिका व साम्यवादी कार्यकर्ती. बालपण बफेलो या कारखान्यांच्या शहरात, कामगार ज्यू कुटुंबात. पुरुषी पेहरावाच्या समलिंगी स्त्रीला (‘बुच’) धड नोकरी कोण देणार? तिने भांडी घासली, मालवाहू जहाजे साफ केली, पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात आणि पुस्तकबांधणीतही ती राबली. स्टोन बुच ब्लूज (१९९३) या कादंबरीतली जेस गोल्डबर्ग दिवसा यंत्रावर असते, रात्री समलिंगींच्या बारमध्ये. तिथे थोराड बुच पोरसवदांना टायची गाठ मारण्यापासून पोलिसांची धाड सोसण्यापर्यंत सारे शिकवतात. कादंबरीला सर्रास आत्मचरित्र समजतात, ते चूक. फाइनबर्गने अखेरच्या आजारपणात सिद्ध केलेली कादंबरीची आवृत्ती इंटरनेटवर मोफत मिळते.