सोनं की वार्निश?

घेर सांभाळा. कमरेखाली हा पोलादी कड्यांचा पिंजरा आहे, क्रिनोलिन म्हणतात त्याला. पॅरिस आहे, १८६५ च्या आसपासचं, आणि आज तुम्ही मुलगी आहात. इलाज नाही. सरकारी चित्रशाळेचं दार मुलींसाठी १८९७ पर्यंत उघडायचं नाही, म्हणून तुमची शाळा म्हणजे लूव्र संग्रहालय आणि गुरुजी भिंतीवर टांगलेले. परवाना दाखवा, रंगपेटी उचला आणि ईझलच्या गर्दीतून वाट काढा. अहो, जपून! त्या आजोबांचं स्टूल पिंजऱ्यात अडकून गेलंच होतं.

वास आला? आधी टर्पेंटाइन नाकात झोंबतं, मग जवसाच्या तेलाचा खवटपणा, फरशीचं मेण, आणि या सगळ्यावर पावसात भिजून आलेल्या लोकरी कोटांची दमट ऊब. दिवे नाहीत. आभाळातून झिरपेल तेवढाच उजेड, आणि ढग आला की पॅलेटवरचा हिरवा एकदम काळवंडतो. पलीकडे मुरियोनं रंगवलेल्या मेरीपुढे नकला उतरवणाऱ्यांची झुंबड. आई बाकावर विणत बसलीय. नजर तरुण चित्रकारांवर, तरी टाका चुकत नाही.

तुमच्यासमोर चित्रकार वातोनं १७१७ साली अकादमीला दिलेलं सिथेरा बेटाचं चित्र. उजवीकडे गुलाबांनी मढलेली व्हीनसची मूर्ती, तिच्यापाशी रेंगाळणारी जोडपी, एक छोटं कुत्रं. खाली पाणी, सोनेरी नाव, आणि पार मागे धुक्यात विरलेले निळे डोंगर. पुढे चित्रकार डाव्हिडच्या स्टुडिओतली पोरं म्हणे या चित्रावर पावाच्या गोळ्या मारायची. पाव तुमच्याही खिशात आहे, पण तो कामाचा. कोळशाची रेघ चुकली की मऊ गाभ्यानं पुसायची. कडा दुपारी खायच्या.

आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी अंबर, छाया तेवढ्या मांडायच्या. जाड रंग नंतर. खालचा थर तेलकट असला तर वरचा तडकतो. आता त्या कथलाच्या ट्यूबा दाबा. तुमच्या आजीच्या काळी हेच रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत मिळायचे, तेव्हा नाक मुरडू नका.

तासाभरात तुमच्या झाडांची पालकाची भाजी झालीय.

"पानं मोजतेस का, मुली?" मागचे आजोबा. "डोळे किलकिले कर. पानं जातील, झाड राहील."

करता. खरंच राहतं! पॅलेट नाइफनं सगळी भाजी खरवडता, चिंधीवर हिरवा चिखल. मग आकाश. पिवळा गेरू भरपूर कालवून ती सोनेरी संध्याकाळ लावायला घेता, तर आजोबा पुन्हा खाकरतात.

"त्यातली निम्मी वार्निशची आहे. वर्षं गेली की पिवळं पडतं."

झाली पंचाईत. वातोनं रंगवलेलं आकाश उतरवायचं, की आज दिसतंय ते? शिवाय हा वातो पॅलेटही क्वचितच पुसायचा. त्याच्या तेलाच्या भांड्यात धूळ नि रंगाचा गाळ तरंगायचा, असं त्याच्या ओळखीच्या केलूसनंच लिहून ठेवलंय. शिकायचं तरी कुणाकडून! तुम्ही गेरूत थोडा शिशाचा पांढरा मिसळता. घाबरत.

दुपारी चित्रातल्या एका बाईपर्यंत पोचता. जोडीदार तिला पुढे नेतोय आणि तिची मान मागे वळलेली. ती मान तीनदा चुकते. चौथ्यांदा जमते तेव्हा ब्रश हवेतच थांबतो. सगळे म्हणतात, ही मंडळी व्हीनसच्या बेटाकडे निघालीत. मग तिची मूर्ती इथेच कशी? ही तर निघताना मागे वळून बघतेय.

सांगायला वळता, पण आजोबांनी पेटी बंद केलीय. पहारेकरी हाका मारत निघालेत, उजेडही संपला. घाईनं उठता.

"अगं, मागे बघ!" आई विणकाम टाकून धावते.

क्रिनोलिनच्या घेरावर सगळे निळे डोंगर उमटलेत. ओलेच.