गाडीचे वय कोण मोजते?

29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत एका काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीची नोंदणी झाली. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली ती शेवटची पद्मिनी. शहरात टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून या गाडीचे टॅक्सी म्हणून धावणे अधिकृतपणे थांबले. तेव्हा वर्तमानपत्रांतून भरपूर स्मरणरंजन झाले. मला मात्र त्या दोन तारखांमधला हिशेब अधिक महत्त्वाचा वाटला. गाडीचे इंजिन किती वेळा उतरवले, पत्रा किती सडला, ती किती किलोमीटर धावली, यांपैकी कशाचाही या निर्णयाशी संबंध नव्हता. निर्णय कॅलेंडरने घेतला. जुनी गाडी ठेवायची की बदलायची, हा प्रश्न आपण घरगुती समजतो. प्रत्यक्षात तो कोणी सोडवायचा, हेच गेल्या सत्तर वर्षांत अनेकदा बदलले आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत तो टंचाईने सोडवला. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला. 1953 च्या टॅरिफ कमिशनने नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना दार दाखवले. 1928 पासून मुंबईत मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने पुढच्याच वर्षी येथले काम गुंडाळले. उरल्या मुख्यतः तीन कंपन्या : कलकत्त्याजवळची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. 1959 च्या नियंत्रण आदेशाने गाड्यांच्या वाटपावर आणि पुनर्विक्रीवरही बंधने घातली. अशा बाजारात डीलरच्या दारातून बाहेर पडलेल्या गाडीची किंमत घटण्याऐवजी वाढत असे. मग हातातली गाडी बदलण्याचा विचार कोण करणार? आपल्या वाडवडिलांनी गाडी ‘जपून वापरली’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या जपणुकीत स्वभावाइतकाच नाइलाजही होता, हे विसरता कामा नये.

या नाइलाजातून दुरुस्तीची एक विद्या मात्र घडली. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली. तीच गाडी पुढे प्रेसिडेंट आणि मग 1974 च्या सुमारास पद्मिनी झाली. नाव बदलले, समोरची जाळी बदलली. पण 1089 सीसीचे इंजिन आणि मूळ बांधणी तीच राहिली. एकच गाडी साडेतीन दशके बनत राहणे हे उद्योगाच्या दृष्टीने साचलेपण होते. फिटरच्या दृष्टीने ते वरदान ठरले. एका गाडीचा भाग दुसरीला बसे. सिलिंडरला बोअर मारून मोठ्या मापाचे पिस्टन-रिंग टाकले की दमलेले इंजिन पुन्हा कामाला लागे. जुन्या सुट्या भागांचा बाजारही कुर्ल्यातच, सीएसटी रोडवर भरभराटीला आला. गाडी जिथे जन्मली, त्याच उपनगरात तिचे अवयवदान होत होते. त्या काळच्या अनेक गाड्यांचे किलोमीटर दाखवणारे चक्र पाच आकड्यांचे असे. 99,999 नंतर पुन्हा शून्य. किती लाख झाले, हे मीटर सांगत नसे. ते मालकाला आणि फिटरला ठाऊक असे. गाडीचे वय मोजणारी खरी यंत्रणा म्हणजे फिटरचा कान होता.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली आणि टंचाईची पकड सैल होऊ लागली. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने खासगी गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षांची मुदत ठरवली. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांची वाढ. येथे वर्षे मोजली गेली, पण शेवटचा शब्द तपासणीचा होता.

नव्वदीच्या अखेरीस हवेचा प्रश्न न्यायालयात गेला. धुराने त्रस्त नागरिकांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने पंधरा वर्षांवरील टॅक्सी स्वच्छ इंधनावर आणा, नाहीतर 2001 पासून बंद करा, असा आदेश दिला. टॅक्सीवाल्यांनी डिकीत सीएनजीची टाकी बसवली आणि सामान टपावरच्या कॅरिअरवर गेले. हा आदेश मला फार समंजस वाटतो. गाडी म्हातारी आहे का, एवढेच न विचारता तिच्यातून काय बाहेर पडते, हेही त्याने विचारले. पुढे 2008 मध्ये पंचवीस आणि 2013 मध्ये वीस वर्षांची मर्यादा आली, तेव्हा हा दुसरा प्रश्न मागे पडला. सीएनजीवर चालणारी, पासिंग झालेली टॅक्सीही विसाव्या वाढदिवशी भंगार ठरली. ज्याचे पोट त्या गाडीवर, त्याला नव्या कर्जाचे हप्ते लागले.

वयोमर्यादेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. जुन्या इंजिनांचा धूर खरा आहे, आणि तो गाडी नसलेल्यांच्या छातीतही जातो. लाखो गाड्यांची प्रामाणिक तपासणी करण्यापेक्षा नोंदणीची तारीख वाचणे सोपे, आणि त्यात चिरीमिरीला वावही कमी. पण वय ही सोयीची खूण आहे, दोष नव्हे. वर्षाला चार हजार किलोमीटर चालणारी निवृत्त शिक्षकाची गाडी आणि साठ हजार चालणारी टूरिस्ट गाडी यांना एकच जन्मतारीख लावणे न्याय्य कसे? दिल्लीत डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. तरी जुलै 2025 मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्याचा प्रयोग लोकक्षोभामुळे काही दिवसांतच थांबवावा लागला.

माझ्या पेट्रोल गाडीलाही नुकतीच पंधरा वर्षे झाली. मीटर 1,94,000 वर आहे. 1 एप्रिल 2022 पासून खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क 600 वरून 5000 रुपये झाले. वर पर्यावरण कर वेगळा. मी ते भरून पाच वर्षे घेतली, कारण धुराची तपासणी स्वच्छ आली आणि नव्या गाडीचे पोलाद, रंग, रबरही कुठल्यातरी धुरातूनच येते. तपासणीत ती नापास झाली असती, तर मी तिला ठेवले नसते.

2021 च्या केंद्रीय भंगार धोरणाने निदान कागदावर तरी यंत्राने होणाऱ्या तपासणीला महत्त्व दिले आहे. टंचाई, फिटर, न्यायालय आणि कॅलेंडर अशा प्रवासानंतर प्रश्न पुन्हा गाडीच्या प्रकृतीकडे वळतो आहे. मात्र अशी तपासणी केंद्रे विश्वासार्ह असतील आणि तालुक्याच्या गावातल्या माणसाच्या आवाक्यात येतील, तेव्हाच त्या धोरणाला अर्थ आहे. तोवर जन्मतारखेवरून निकाल लागत राहील, आणि त्याची किंमत ज्याची गाडी हीच मिळकत आहे, तो सर्वांत आधी मोजेल.