टाकीचा तळ

अमेरिकन इंग्रजीत ‘टँक टाउन’ असा एक शब्दप्रयोग आहे. आगगाडी जेथे केवळ पाणी भरण्यापुरती थांबते ते गाव, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे कोणतेही क्षुल्लक गाव असा तो विस्तारला. या शब्दातील तुच्छता डब्याच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या प्रवाशाची आहे. इंजिनाच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षा पाणी अधिक वेळा घ्यावे लागे. ही गावे नसती, तर प्रवासी पुढच्या शहरी पोहोचलाच नसता.

एकोणिसाव्या शतकात या टाक्या बहुधा लाकडी असत : उभ्या फळ्यांचे मोठे पिंप आणि त्याभोवती लोखंडी पट्ट्या. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो, म्हणून पट्ट्या तळाशी दाट आणि वर विरळ. २४ फूट व्यासाच्या आणि १६ फूट उंचीच्या टाकीत सुमारे ५०,००० अमेरिकन गॅलन पाणी मावे. त्याचे वजन जवळजवळ १९० टन. सपाट तळाला एवढे ओझे स्वतः पेलवत नाही. ते खालच्या तुळयांच्या दाट रांगेवर टाकावे लागते. हाच सपाट तळ पोलादी पत्र्याचा केला, तर तुळयांवर टेकलेल्या बाजूस रंग लावता येत नाही आणि तेथला गंज दिसतही नाही.

खरी सुधारणा झाली ती आकारात. १८९० च्या दशकात होरेस हॉर्टन यांच्या शिकागो ब्रिज अँड आयर्न कंपनीने आयोवा राज्यातील फोर्ट डॉज येथे पूर्ण अर्धगोल तळाची उंच पोलादी टाकी उभारली. अर्धगोलात पत्रा ओझ्याखाली वाकत नाही, तो ताणला जातो. आणि ताण सोसणे हा तर पोलादाचा गुणच. त्रिज्या आणि दाब सारखे असतील, तर गोलाच्या पत्र्यात नळकांड्याच्या निम्माच ताण निर्माण होतो. तुळयांची गरज उरली नाही. तळ खांबांच्या मधोमध लोंबता राहिला आणि खालून डोळ्यांनी तपासता येऊ लागला.

फोर्ट डॉजची टाकी शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी होती. रेल्वेच्या गरजा वेगळ्या होत्या. गढूळ पाणी बॉयलरला घातक, म्हणून तळ मध्याकडे उतरता ठेवून त्याखाली कित्येक फूट रुंदीचे उभे नळकांडे जोडण्यात आले. गाळ त्यात साचे आणि टाकी रिकामी न करता झडपेतून काढून टाकता येई. उत्तरेच्या हिवाळ्यात अरुंद नळी गोठत असल्यामुळे तिला लाकडी आवरण घालावे लागे. रुंद नळकांड्यातील पाणी सहजासहजी गोठत नसे. पत्राही सहसा पाव इंचाहून पातळ वापरत नसत. केवळ पाण्याचा दाब सोसायला याहून बराच पातळ पत्रा पुरला असता. उरलेली जाडी गंजासाठी राखलेली होती. म्हणजे टाकीच्या म्हातारपणाची तरतूद आराखड्यातच होती.

डिझेल इंजिने आली आणि १९६० मध्ये नॉरफोक अँड वेस्टर्न या अखेरच्या मोठ्या अमेरिकन रेल्वेनेही वाफेचा निरोप घेतला. टाक्या निकामी झाल्या. शब्द मात्र कोशात राहिला. भाषेत इतिहास साठवलेला असतो, असे आपण वर्गात नेहमी सांगतो. तो कोणाच्या नजरेतून साठवला गेला, हेही विचारले पाहिजे. कोशाने प्रवाशाची नजर जपली. त्या गावाची थोरवी वाचायची, तर टाकीच्या तळाचा आराखडाच उलगडावा लागतो.