मर्फीचा सेट किती नवा करावा?

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावरून खाली उतरला की घरात बहुधा एकच ठराव होतो: नवाकोरा करून घ्यायचा. लाकूड घासून त्यावर चकचकीत पॉलिश, स्पीकरपुढचं कापड नवं, नॉब नवे, डायलच्या मागे एलईडीची पट्टी. आणि आतलं तसंही निकामी झालंय म्हणून चेसिस भंगारात, त्या जागी ब्लूटूथचा स्पीकर. ठाणे, कळवा, डोंबिवली या पट्ट्यात हे काम हौसेने करून घेणारे खूप आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. आजोबांची वस्तू अडगळीत कुजू नये, दिवाणखान्यात मानाने बसावी, एवढंच त्यांना हवं असतं. पण त्यांचं मत मला मुळातच उलटं वाटतं. रेडिओचा जो भाग राखायला हवा तो ते घासून टाकतात, आणि जो भाग निर्धास्तपणे दुरुस्त करता येतो तो फेकून देतात.

हा वाद या भागातल्या माणसांना परका नाही. मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्यातच होता. खाडीपलीकडे कळव्यात मुकुंद आणि सीमेन्सच्या कारखान्यांमुळे यंत्राशी हात असलेली कुटुंबं वाढली. त्यातल्या कित्येक घरांत हप्त्यावर घेतलेला सेट होता, भिंतीवर आडवी ताणलेली तांब्याच्या जाळीची एरिअल होती आणि पोस्टात दरवर्षी भरायचा रेडिओचा परवाना होता. यंत्र म्हणजे काय आणि दुरुस्ती म्हणजे काय, हे इथे कुणाला शिकवावं लागू नये.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. पहिला मुद्दा असा की वस्तूचा खरा मान तिच्या पहिल्या दिवसाच्या रूपात आहे. दुकानातून आणली तेव्हा ती जशी झळकत होती तशीच ती पुन्हा दिसली पाहिजे. दुसरा मुद्दा परंपरेचा. आपल्याकडे जीर्णोद्धार हे पुण्यकर्म आहे, पडकं तसंच जपायचं हे खूळ युरोपातून आलेलं आहे. तिसरा मुद्दा व्यवहाराचा: मध्यम आणि लघु लहरींवर आता ऐकायचं काय? रेडिओ सिलोन सकाळी लागायचं ते दिवस गेले, मग आतल्या व्हॉल्व्हचा उपयोग काय?

पहिल्या मुद्द्याचं उत्तर लाकडातच आहे. मर्फी ही कंपनी फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी १९२९ मध्ये इंग्लंडात वेल्विन गार्डन सिटीला काढली, आणि तिच्या कॅबिनेटांचे आराखडे करायला आर. डी. रसेल यांच्यासारखा फर्निचरचा जाणकार घेतला. रेडिओ ही घरातली लाकडी वस्तू आहे, ती घरात शोभली पाहिजे, हा विचार या कंपनीने सुरुवातीपासून केला. पण हे कॅबिनेट सागाच्या सलग फळीचं नसतं. प्लायवर चिकटवलेलं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा असतो, जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड. पॉलिशवाल्याच्या हातातला काचपेपर कडेवर चार वेळा जास्त फिरला की खालचा प्लाय दिसू लागतो, आणि मग तो झाकायला गडद रंग मारावा लागतो. घासलेलं विनियर परत येत नाही. त्यावरचा मूळ थर लाखेचा असो की लॅकरचा, तो कारखान्यात एकदाच चढलेला असतो. त्या जागी मेलामाइन किंवा पीयूचा थर आला की सेट झळकतो खरा, पण त्याला १९६० सालच्या वस्तूची नव्हे, आजच्या मॉड्युलर किचनची झळाळी येते. म्हणजे पहिल्या दिवसाच्या रूपाचा आग्रह धरणाऱ्यांनाही ते रूप मिळत नाही. त्यांना मिळतं तिसरंच रूप, जे त्या सेटचं कधीच नव्हतं.

सेटचा चेहरा नीट पाहिला तर तिथे बरंच काही लिहिलेलं असतं. आवाजाच्या नॉबच्या कडा एका बाजूने गुळगुळीत झालेल्या असतात, स्टेशन लावायच्या नॉबच्या कडा चोहोबाजूंनी. वरच्या फळीवर फुलदाणीचं गोल बूड उमटलेलं असतं. कापडावर उदबत्तीच्या धुराची पिवळट झाक असते. डायलच्या काचेवर मुंबई, दिल्ली, कोलंबो, लंडन अशी शहरं असतात. ती अक्षरं काचेच्या मागच्या बाजूला रंगाने छापलेली असतात आणि इतक्या वर्षांनी तो रंग काचेला जेमतेम धरून असतो. ओल्या फडक्याचा एक हात मारला तर अख्खं कोलंबो फडक्यावर येतं. मी स्वच्छतेच्या भरात पुसून काढलेल्या अशा कोऱ्या काचा पाहिल्या आहेत. काचेच्या पुढच्या बाजूलाच कोरडं कापड, मागच्या बाजूला फार तर मऊ ब्रशने धूळ झटकणं, एवढंच. कॅबिनेटला आधी किंचित साबणाचं पिळलेलं फडकं, मग मेण. पॉलिशला बारीक भेगा गेल्या असतील आणि ते लाखेचं असेल, तर स्पिरिटच्या बोळ्याने तोच जुना थर मऊ करून पुन्हा बसवता येतो. लाख स्पिरिटला विरघळते, लॅकर विरघळत नाही. मागच्या कोपऱ्यात एक थेंब लावून पाहिलं की कळतं.

परंपरेच्या मुद्द्यावर जरा जास्त थांबायला हवं, कारण तो सर्वांत जोराने मांडला जातो. आपली परंपरा सरसकट नवं करण्याची आहे, हे मला मान्य नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या पायांची पदस्पर्शाने झीज झाली आहे. त्या मूर्तीवर पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी वेळोवेळी लेप दिला, पण पाय पुन्हा कोरून पूर्ववत करा असं कुणी म्हटलं नाही. लेप पुढची झीज थांबवण्यापुरता. झालेली झीज तशीच राहिली, कारण ती भक्तांच्या हातांनी झाली आहे. ही कल्पना युरोपातून आलेली नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. आणि मूळ पृष्ठभागाचा मान आजही राखला जातो: पंढरपूरच्याच मंदिराच्या गाभाऱ्यातली चांदी आणि मागाहून बसवलेल्या फरश्या २०२४ मध्ये काढल्या गेल्या आणि मूळ दगड मोकळा झाला. सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच २०२२ मध्ये उतरवलं गेलं.

यावर कुणी म्हणेल, मग जुनं पॉलिश उतरवणं आणि शेंदूर उतरवणं यात फरक काय? फरक आहे, आणि तोच महत्त्वाचा आहे. शेंदूर आणि चांदी हे मूळ पृष्ठभागावर नंतर चढलेले थर होते. काचपेपर मूळ पृष्ठभागच नेतो. एखाद्या दिवाळीत कुणी रेडिओला तपकिरी ऑइलपेंट फासला असेल, तर तो हलक्या हाताने जरूर काढावा. आणि जीर्णोद्धाराचंच म्हणाल तर, अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास काशी विश्वनाथाचं मंदिर नव्याने उभारलं ते जुनं देऊळ पाडलं गेलं होतं म्हणून. उभ्या देवळाचे दगड तासून त्यांनी ते नवं केलं नव्हतं. जीर्णोद्धाराचा दाखला द्यायचा तर तो असा पुरता द्यावा.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. संख्येने थोडे, पण संग्राहकांत त्यांचं वजन आहे. त्यांचं म्हणणं, एकही मूळ सुटा भाग काढू नका. मेणकागदाचा कंडेन्सर फुटला असला तरी तोच ठेवा. चेहऱ्याबद्दल मी जे म्हणतो तेच ते आतल्या भागांबद्दल म्हणतात, आणि तिथे ते चुकतात. कारण चेहरा एकदाच केला जातो. आतले भाग बदलले जातील हे धरूनच सेट बनवलेला असतो. व्हॉल्व्ह सोल्डर केलेले नसतात, सॉकेटात बसवलेले असतात. मेकॅनिकसाठी सर्किटचे तक्ते छापलेले असत. एखाद्या सेटात तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे व्हॉल्व्ह आणि दोन वेगळ्या हातांची सोल्डरिंग सापडते. नवा कंडेन्सर लावणारा मेकॅनिक याच रांगेतला पुढचा माणूस आहे.

शिवाय न बदलण्याची किंमत काय, हे पाहा. आउटपुटच्या व्हॉल्व्हला, समजा ईएल ८४ ला, आधीच्या व्हॉल्व्हकडून आवाजाचा संकेत एका छोट्या कंडेन्सरमधून येतो. त्या कंडेन्सरचं काम, संकेत जाऊ द्यायचा आणि मागचा शंभरेक व्होल्टचा डीसी दाब अडवायचा. मेणकागदाचा कंडेन्सर साठ वर्षांत ओल धरतो आणि थोडा थोडा डीसी गळू देतो. ग्रिड उणे सात व्होल्टच्या आसपास असायला हवं, ते शून्याकडे, मग धनाकडे सरकतं. व्हॉल्व्ह वाजवीपेक्षा कितीतरी जास्त विद्युतप्रवाह ओढतो, त्याची प्लेट लाल होते आणि थोड्या वेळात आउटपुट ट्रान्सफॉर्मरची बारीक तार जळते. काही रुपयांचा कंडेन्सर मूळ म्हणून जपला आणि सहजी न मिळणारा मूळ ट्रान्सफॉर्मर गेला. ज्यांना मूळपण हवं आहे त्यांनीच हा हिशेब आधी करायला हवा.

म्हणून माळ्यावरून उतरवलेला सेट थेट प्लगमध्ये लावायचा नाही. आधी मेणकागदाचे सगळे कंडेन्सर बदलायचे, फिल्टरचे मोठे इलेक्ट्रोलिटिक तपासायचे, भुगा झालेल्या रबराच्या वायरी काढायच्या, मग सिरीज बल्ब लावून किंवा डिमरस्टॅटवर हळूहळू दाब चढवायचा. बल्ब भगभगून पेटला की आत कुठेतरी शॉर्ट आहे. पेटून मंद झाला की पुढे जायला हरकत नाही. आयएफटीच्या, म्हणजे इंटरमीडिएट फ्रीक्वेन्सी ट्रान्सफॉर्मरच्या, कोरला मात्र उगीच पेचकस लावू नये. ते जुळणीचं काम सिग्नल जनरेटर असलेल्याचं.

यात एक धोका असा आहे की तो नवाकोरा करणाऱ्यांनाही माहीत नसतो आणि शिवू नका म्हणणाऱ्यांनाही. त्या काळी देशात काही ठिकाणी डीसी पुरवठा होता, म्हणून एसी-डीसी दोन्हींवर चालणारे सेट निघत. त्यांत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो. यूसीएच, यूसीएल अशा यू अक्षराच्या व्हॉल्व्हची फिलामेंट एका माळेत जोडलेली असतात आणि चेसिस थेट विजेच्या एका तारेला. प्लग उलटा बसला तर अख्खा पत्रा २३० व्होल्टवर. म्हणून कारखान्यात नॉबच्या स्क्रूच्या खाचेत मेण भरत, बोटाला धातू लागू नये म्हणून. मागचा भोकाभोकांचा पुठ्ठाही त्याचसाठी. पॉलिशवाला नॉब काढतो तेव्हा ते मेण उडतं. पुठ्ठा कळकट दिसतो म्हणून टाकून दिला जातो. शोभेचं काम करताना संरक्षणच काढलं जातं. अशा सेटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा, खाचेत मेण हवं आणि पुठ्ठा जागेवर हवा. ट्रान्सफॉर्मरच्या सेटला तीन तारांची नवी वायर आणि फ्यूज लावावा. यात मूळपणाचा प्रश्नच येत नाही. घरात मुलं असतात.

बदललेले भाग लपवावेत का? काही कुशल हात जुन्या कंडेन्सरची नळी पोकळ करून त्यात नवा कंडेन्सर बसवतात, म्हणजे चेसिस उलटं केलं तरी सगळं जुनंच दिसतं. कसब मोठं आहे, पण मला ते पटत नाही. वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने दोन गोष्टी सांगितल्या: अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबवावी, आणि नवं काम एकूण रूपात बसणारं असलं तरी जुन्यापासून वेगळं ओळखू यावं. साठ वर्षांनी हा सेट उघडणाऱ्याला काय कधी बदललं हे कळलं पाहिजे. पिवळा पॉलिएस्टर कंडेन्सर उघडपणे लावावा, काढलेले जुने पाकिटात घालून कॅबिनेटच्या तळाशी ठेवावेत.

राहिला ब्लूटूथ. ऐकायला काही नाही ही तक्रार खोटी नाही. मध्यम आणि लघु लहरींवरचं जग आक्रसलं आहे. नभोवाणी मंत्री बी. व्ही. केसकरांच्या काळात आकाशवाणीने चित्रपटगीतं बंद केली तेव्हा लोक ४१ मीटरवर सिलोन शोधत, ते आता शोधायला नको. पण त्यासाठी चेसिस काढायची गरज नाही. बहुतेक जुन्या सेटांच्या मागे ग्रामोफोनसाठी पिकअपची दोन छिद्रं असतात. बनवणाऱ्याने बाहेरचा आवाज आत घ्यायची सोय तेव्हाच करून ठेवली आहे. ट्रान्सफॉर्मरच्या सेटला तिथे छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडा. एकही तार न कापता फोनवरचं गाणं त्याच व्हॉल्व्हमधून, त्याच कागदी कोनातून येतं. उद्या रिसीव्हर काढला तर सेट जसाच्या तसा. एसी-डीसी सेटला मात्र फोन किंवा रिसीव्हर थेट जोडू नये. तिथे कमी शक्तीचा मध्यम लहरींचा मॉड्युलेटर शेजारी ठेवला की सेट नेहमीचं स्टेशन पकडल्यासारखा वाजतो.

पूर्ण नव्याने करणं कुठे योग्य? आहे, तशी जागा आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्याच्या घरांत पाणी भरलं, तेव्हा कित्येक कपाटं आणि सेट बुडाले. सरस सुटून विनियरचे पापुद्रे झाले, प्लाय फुगला, स्पीकरचा कोन चिखल होऊन गेला. किंवा वाळवीने कॅबिनेटची एक बाजूच पोखरली. तिथे राखायला पृष्ठभागच उरलेला नाही. अशा वेळी नवं विनियर चढवावं, शक्य तर त्याच जातीच्या लाकडाचं, आणि त्यावर लाखेचं पॉलिश द्यावं, पीयूचं नव्हे. मूळ छटा कळत नसेल तर नॉब काढून त्याखालची जागा पाहावी. तिथे उजेड आणि पाणी कमी पोचलेलं असतं. तिथेही काही सापडलं नाही, तर गडद रंगाने अंदाज करण्यापेक्षा साधं, फिकं पॉलिश करून थांबावं. आणि आतल्या फळीवर पेन्सिलने लिहावं: विनियर अमुक साली बदललं, चेसिस मूळ.