बीरगांवचे लोखंड आणि जगाचा बाजार

1991 च्या जुलै महिन्यात परवान्यांचे राज्य संपले आणि त्याच मुहूर्तावर जागतिकीकरण हिंदुस्थानात अवतरले, असे गृहीत धरून विवेचन करणाऱ्यांनी रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरच्या हमरस्त्यालगत वसलेल्या बीरगांवचा पूर्ववृत्तांत एकदा तपासून पाहावा. उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांच्या आधाराने वाढलेले हे नगर वयाने लहान असले, तरी ज्या मुलखात ते उभे आहे त्याचा दूरच्या बाजारांशी जडलेला संबंध फार जुना आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली 1741 मध्ये रतनपुरावर चालून गेल्या. 1758 पासून बिंबाजी भोसल्यांनी तेथे राहून कारभार पाहिला आणि 1787 मध्ये त्यांच्या निधनानंतर सुभेदारांची राजवट आली. त्या काळी बंजाऱ्यांचे तांडे समुद्रकाठचे मीठ बैलांच्या पाठीवर लादून छत्तीसगढात आणीत आणि परतताना येथील धान्य घेऊन जात. मिठाच्या चिमटीसाठी शेकडो कोसांवर अवलंबून राहणाऱ्या खेड्याला स्वयंपूर्ण म्हणण्याचा आपल्याकडील प्रघात मला कधीच पटला नाही. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बेंगाल नागपूर रेल्वेने बैलांचे काम आपल्याकडे घेतले आणि रायपूरचा तांदूळ बंदरापर्यंत पोहोचू लागला.

याच ठिकाणी मतभेदाला आरंभ होतो. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळला, तेव्हा रेल्वेने धान्य बाहेर नेले म्हणून कोठारे रिती झाली, की रेल्वे होती म्हणूनच बाहेरचे धान्य आत येऊ शकले, हा वाद इतिहासकारांत अजूनही चालू आहे. दादाभाई नौरोजींच्या दृष्टीने संपत्तीचा विलायतेकडे वाहणारा ओघ हेच दारिद्र्याचे मूळ होते. न्यायमूर्ती रानड्यांनी मात्र 1892 मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात पाश्चात्त्य अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना सारखेच लागू पडतात हा समजच नाकारला. देशी उद्योग बुडून सारी प्रजा शेतीवर लोटली जात आहे, ही त्यांची खरी तक्रार होती. इमॅन्युएल वॉलरस्टीन यांनी 1974 मध्ये केंद्र आणि परिघ यांची जी मांडणी केली, तिचा पूर्वरंग आपल्याकडे असा आधीच रंगला होता.

लोखंडाची कथा तर नागपुरातच वळण घेते. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी कामासाठी तेथे आलेले दोराबजी टाटा वाट पाहत असता समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तेथील भूगर्भीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाची गडद खूण त्यांच्या नजरेस पडली. दल्ली-राजहऱ्याच्या टेकड्या त्यांनी पायी तुडवल्या. परंतु योग्य कोळसा जवळ नव्हता म्हणून भांडवल पूर्वेकडे गेले आणि त्या टेकड्या अर्धशतक पडून राहिल्या. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, आणि राजहऱ्याचे खनिज अखेर कामास आले. सीमा पुसून टाकणारा मुक्त व्यापार नव्हे, तर दोन सरकारांचा लेखी करार या परिसरात परदेशी तंत्रविद्या घेऊन आला, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

आज सिलतऱ्यात संथपणे फिरणाऱ्या लांबलचक, किंचित कलत्या नळकांड्यात खनिज आणि कोळसा एकत्र तापवून खनिजातील प्राणवायू काढून घेतात. उरते ते सच्छिद्र स्पंज आयर्न. ते विजेच्या भट्टीत वितळवून आणि रोलिंग मिलमध्ये लाटून घरबांधणीच्या सळया होतात. काजळी मात्र बीरगांवच्या छपरांवर बसते. जागतिकीकरणाच्या वादात केनिची ओहमाय यांनी 1990 मध्ये सीमारहित जगाची द्वाही फिरवली. हर्स्ट आणि थॉम्प्सन यांनी 1996 मध्ये दाखवून दिले की 1914 पूर्वीची अर्थव्यवस्थाही तितकीच खुली होती. डेव्हिड हेल्ड प्रभृतींनी 1999 मध्ये राष्ट्रसत्ता नष्ट होत नसून तिचे रूप पालटत आहे, असा मध्यम पक्ष घेतला. हेल्ड यांचा पक्ष मला येथील वस्तुस्थितीशी अधिक जुळणारा दिसतो. कारण पोलादाचे भाव जगाच्या बाजारात हलत असले, तरी खाण, वीज आणि जमीन यांचे हुकूम सरकारी दप्तरांतूनच सुटतात.

तरीही या तिन्ही पक्षांत ठेकेदाराच्या हजेरीपटावरील मजुराला फारसे स्थान मिळालेले नाही. सुधारणांच्या त्याच वर्षी, 28 सप्टेंबर 1991 रोजी, या औद्योगिक पट्ट्यातील ठेक्यावरच्या कामगारांना कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन मिळावे म्हणून लढणाऱ्या शंकर गुहा नियोगींची भिलाईत झोपेत असता हत्या झाली, आणि 1 जुलै 1992 रोजी तेथेच रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. उद्योग उभे राहिले की प्रजेची अवनती थांबेल, हा रानड्यांचा भरवसा या भूमीत अर्धाच खरा ठरला आहे: उद्योग आले, ठेकेदारीही राहिली.