पूर्व आशियाई भाषाभ्यास, महाराष्ट्रातील

पूर्व आशियाई भाषाभ्यास, महाराष्ट्रातील : चीन, जपान व कोरिया या देशांच्या भाषा, वाङ्‌मय आणि संस्कृती यांचा उच्च शिक्षणाच्या पातळीवरील अभ्यास. महाराष्ट्रात या अभ्यासाचा उगम व्यापारात वा राजकारणात नाही. तो पाली भाषेच्या व बौद्ध धर्माच्या संशोधनात आहे.

वस्तुतः महाराष्ट्राच्या इतिहासलेखकाला चिनी भाषेची गरज आरंभापासूनच होती. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या राज्याचे आणि येथील लोकस्वभावाचे सर्वांत प्रसिद्ध प्राचीन वर्णन सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू ह्यूएन्‌त्संग याचे आहे. उपकारकर्त्याशी कृतज्ञ आणि अपमान करणाऱ्याशी निष्ठुर असे हे लोक त्याला दिसले. तथापि रा. गो. भांडारकरांपासूनच्या विद्वानांनी हे वर्णन वाचले, ते फ्रेंच व इंग्रजी भाषांतरांतून. त्याने उल्लेखिलेली राजधानी नाशिक की बदामी की अन्य कोणते नगर, याविषयी झालेला वाद दीर्घकाळ परभाषांतील शब्दांवरच चालला.

ही परावलंबी स्थिती बदलण्यास कारण झाले ते पाली अध्यापन. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) हे मूळचे गोव्यातील साखवाळचे. श्रीलंका व ब्रह्मदेश येथे पालीचे अध्ययन करून ते परतले आणि १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना हार्व्हर्ड विद्यापीठातही काम करावे लागले होते. कोसंबी स्वतः चिनी भाषेकडे वळले नाहीत. ते पाऊल त्यांचे शिष्य पुरुषोत्तम विश्वनाथ बापट (१८९४–१९९१) यांनी उचलले.

बापटांपुढील प्रश्न नेमका होता. विसुद्धिमग्गात बुद्धघोष अनेकदा ‘काही जण असे म्हणतात’ एवढेच म्हणून एखादे मत बाजूस सारतो. माणसांच्या स्वभावप्रकारांची चर्चा करतानाही तो असेच करतो. तेथे टीकाकार धम्मपाल स्पष्ट सांगतो, की हा रोख विमुत्तिमग्ग लिहिणाऱ्या उपतिस्स थेराकडे आहे. परंतु विमुत्तिमग्गाची मूळ पाली संहिता अभ्यासकांच्या हाती नव्हती. फूनान (सांप्रतच्या कंबोडियाचा प्रदेश) येथील संघपाल या भिक्षूने ५१५ मध्ये केलेले चिनी भाषांतर तेवढे संपूर्ण टिकून होते. म्हणजे पाली परंपरेतील एका वादाचा पूर्वपक्ष ऐकावयाचा, तर चिनी शिकणे अपरिहार्य होते. बापटांनी ते केले. दोन्ही ग्रंथांची प्रकरणशः तुलना करून विमुत्तिमग्ग आधीचा असून बुद्धघोषाला तो ज्ञात होता, असे त्यांनी प्रतिपादिले. हा तौलनिक अभ्यास १९३७ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाला. विमुत्तिमग्गाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर कोलंबो येथून निघाले ते १९६१ मध्ये, हे पाहता बापटांच्या कामाचे मोल अधिक जाणवते.

पुढे सुत्तनिपातातील अट्ठकवग्गाशी समांतर असलेल्या अर्थपदसूत्राचे चिनीवरून केलेले त्यांचे भाषांतर विश्वभारतीने १९५१ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित केले. समंतपासादिका या विनयटीकेच्या चिनी रूपांतराचा इंग्रजी अनुवाद त्यांनी जपानी पंडित आकिरा हिराकावा यांच्या सहकार्याने सिद्ध केला. तो भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९७० मध्ये प्रसिद्ध केला. त्या वेळी बापटांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे होते.

त्यांचे समकालीन वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी जर्मनीत अध्ययन केले. संस्कृतात लुप्त झालेल्या, परंतु चिनी वा तिबेटी भाषांतरांत उरलेल्या बौद्ध ग्रंथांवरील त्यांची दोन प्रकाशने १९३० मध्येच तेथे निघाली होती.

मात्र या विद्वत्तेला पुण्यात स्थायी घर मिळाले नाही. शांतिनिकेतनात १९३७ मध्ये चीन भवन स्थापन झाले. दिल्ली विद्यापीठात १९५७ मध्ये बौद्ध विद्या विभाग निघाला, तेव्हा बापट त्याच्या प्रमुखपदी गेले. गोखल्यांनीही पुढे तेथेच अध्यापन केले. एका महाविद्यालयातील दोन-तीन व्यक्तींच्या व्यासंगावर उभी असलेली परंपरा त्या व्यक्तींबरोबरच स्थलांतरित झाली.

आधुनिक चिनी शिकणाऱ्यांची वाट वेगळी होती. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) यांनी १९३८ नंतर ती रणभूमीवरील रुग्णालयात आत्मसात केली आणि तीत अध्यापनही केले. वसंत परांजपे १९४७ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर पीकिंग येथे शिकले व १९५४ मध्ये नेहरू आणि माओ यांच्या भेटीत दुभाषे झाले. १९६२ च्या युद्धानंतर चीनविषयक अभ्यासाला सामरिक महत्त्व आले, पण त्याची केंद्रे प्रामुख्याने दिल्लीत होती.

महाराष्ट्रात त्यानंतर बहरली ती जपानी. पुणे विद्यापीठ, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि खाजगी वर्ग यांतून ती शिकविली जाऊ लागली. १९८४ पासून घेतल्या जाणाऱ्या जपानी भाषा-प्रावीण्य परीक्षेचे पुणे हे एक केंद्र आहे. या विद्यार्थ्यांचे लक्ष मुख्यतः उद्योग व संगणक क्षेत्रांतील नोकऱ्यांकडे असते. वाङ्‌मयाकडे वळणारे थोडे, तरी चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा तोत्तोचानचा अनुवाद आणि शिरीष पै यांनी मराठीत रुजविलेला हायकू यांनी सामान्य वाचकापर्यंत जपान पोहोचविला.

अंतराचा प्रश्न मात्र राहिला आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील चंदगडसारख्या तालुक्याच्या गावाहून शिवाजी विद्यापीठच शंभराहून अधिक किलोमीटरांवर आहे. प्रगत जपानी वा चिनी शिकू पाहणाऱ्या तेथील विद्यार्थ्याला त्याहीपुढे पुणे किंवा दिल्ली गाठावी लागते. आणि चिनी बौद्ध ग्रंथ मुळातून वाचू इच्छिणाऱ्याला आजही बापटांप्रमाणेच प्रथम शिक्षक शोधावा लागतो.