बारवेची प्रतिकृति

जुन्या वास्तूची नक्कल करून ठेवावी, म्हणजे मूळ वास्तु गेली तरी तिचें रूप उरेल, ही कल्पना नवी नाहीं. आणि तींत धोका किती आहे हें अजिंठ्यानें जगास एकदां नव्हे, दोनदां दाखविलें आहे. रॉबर्ट गिल यानें लेण्यांत वर्षानुवर्षें राहून भित्तिचित्रांच्या मोठाल्या नकला केल्या. त्या विलायतेस गेल्या, आणि सन १८६६ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तींत त्यांपैकीं बहुतेक नाहींशा झाल्या. पुढें जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनीं सन १८७२ पासून तेंच काम पुन्हां हातीं घेतलें. त्यांच्याही पुष्कळ नकला सन १८८५ मध्यें साउथ केन्सिंग्टन येथें जळाल्या. मूळ चित्रें मात्र, झिजत कां होईना, वाघुरेच्या कांठीं आपल्या अंधारांत अजून आहेत.

आज नकलेचें नवें साधन हातीं आलें आहे. एखाद्या मंदिराची किंवा मूर्तीची त्रिमिति प्रतिकृति संगणकावर घडवितां येते, आणि पाहणारा ती बोटानें फिरवितो, जवळ ओढतो, तिच्या आंत शिरतो. हें जादूनें होत नाहीं. एकाच वस्तूचीं शेंकडों छायाचित्रें निरनिराळ्या बाजूंनीं, एकमेकांवर कांहीं भाग चढेल अशीं घेतात. दोन चित्रांत दिसणारा तोच बिंदु यंत्र ओळखतें आणि त्याचें अंतर गणितानें काढतें. आपले दोन डोळे क्षणोक्षणीं हेंच करीत असतात. या विद्येचा जनक आल्ब्रेख्त मायडेनबावर हा तरुण जर्मन शिल्पज्ञ सन १८५८ मध्यें वेट्झलारच्या प्रार्थनामंदिराचीं मापें घेतांना उंचावरून पडतां पडतां वांचला, आणि भिंतीवर चढण्याऐवजीं तिच्या छायाचित्रावरूनच मापें कां घेऊं नयेत, असें त्याच्या मनांत आलें. एका माणसाच्या पाय घसरण्यांतून एक शास्त्र निघालें म्हणावयाचें!

या साधनाची खरी परीक्षा जर कोठें व्हावयाची असेल तर ती बारवेंत, असें मला वाटतें. देऊळ वर वाढतें. चार दिशांनीं चार छायाचित्रें घेतलीं तर त्याचा अजमास येतो. बारव जमिनींत उतरते. कांठावरून पाहावें तर तो एक खड्डा. तळाशीं जाऊन पाहावें तर समोर एक भिंत. मधल्या उतरण्यांतच तिचें सौंदर्य आहे, आणि तें चित्राच्या चौकटींत मावत नाहीं. गुजराथेंत पाटण येथील 'राणी की वाव' या अकराव्या शतकांतील वास्तूचें सन २०११ मध्यें स्कॉटलंडच्या तज्ज्ञांनीं भारतीय पुरातत्त्व खात्याच्या सहकार्यानें किरणयंत्रानें मापन केलें, तें याच कारणास्तव मोलाचें ठरलें. पुढें सन २०१४ मध्यें त्या वावेस जागतिक वारशाचा मान मिळाला.

परभणी जिल्ह्यास असा मान कोणी दिलेला नाहीं. हा मुलूख सन १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. हैदराबादेस सन १९१४ मध्यें पुरातत्त्व खातें निघालें आणि गुलाम याझदानींसारखा मोठा पंडित त्यास लाभला. परंतु वेरूळ-अजिंठ्याच्या तेजापुढें खेड्यांतल्या विहिरीकडे कोणाचें लक्ष जाणार? सेलू तालुक्यांतील वालूरची बारव अशीच विस्मृतींत गेली होती. तिच्या पायऱ्या सरळ न उतरतां वळसे घेत पाण्याकडे जातात. अशी रचना आपल्याकडे विरळाच. सन २०२१ च्या सुमारास गांवकऱ्यांनीं तींतला गाळ आणि केरकचरा उपसला, आणि दगडाची घडण पुन्हां उघडी पडली. त्याच सुमारास रोहन काळे यांनीं महाराष्ट्रभर हिंडून बारवांचीं स्थानें नकाशावर नोंदविण्याचा उद्योग आरंभिला होता. नकाशावरचा तो एक ठिपका हीही एक प्रतिकृतिच, सर्वांत लहान आणि कदाचित् सर्वांत उपयोगाची. कारण तिच्यामुळें माणूस घरांतून उठून प्रत्यक्ष बारवेपाशीं जातो.

येथें एक अडचण उभी राहते. जिंतूर तालुक्यांतील चारठाणा येथें जुनीं मंदिरें आहेत, उंच कोरीव स्तंभ आहे, आणि गांवांत इतस्ततः विखुरलेले घडीव दगडही आहेत. ते दगड संगणकावर एकत्र आणून मोडलेलें देऊळ पुन्हां उभें करण्याचा मोह कोणासही व्हावा. मोह चांगलाच आहे. तथापि कागदावर पेन्सिलीनें काढलेलें अनुमान हें अनुमान म्हणून ओळखूं येतें. यंत्रानें रंगविलेलें शिखर मात्र खऱ्या शिखराइतकेंच ठाम दिसतें, आणि पाहणाऱ्या मुलास तेंच खरें वाटतें. सन २००६ मध्यें विद्वानांनीं 'लंडन चार्टर' या नांवाचे नियम सिद्ध केले, त्यांचें सार इतकेंच कीं, प्रतिकृतींत पुरावा कोणता आणि तर्क कोणता हें पाहणाऱ्यास कळलें पाहिजे. आमच्याकडील बहुतेक चलच्चित्रकार या नियमाचें नांवही घेत नाहींत. पडलेला भाग निराळ्या रंगानें दाखविण्यास फारसा खर्च येत नाहीं. पण मग दृश्याची शोभा उणी होते ना!

दुसरी अडचण आगीचीच आहे, मात्र ही आग धूर न काढणारी. फ्लॅश नांवाच्या साधनावर अनेक संग्रहालयांनीं हौसेनें फिरतीं चित्रें व परस्परसंवादी पानें रचलीं होतीं. सन २०२० च्या अखेरीस त्या साधनाचा आधार काढून घेण्यांत आला आणि त्यांतलीं पुष्कळशीं एका रात्रींत मुकीं झालीं. अजिंठ्याच्या पायथ्याशीं लेण्यांच्या प्रतिकृति असलेलें भव्य अभ्यागत केंद्र जपानी कर्जाच्या साह्यानें उभारलें गेलें. पाण्याचीं आणि विजेचीं देणीं थकल्यामुळें त्याचीं दारें कांहीं वर्षांतच लावावीं लागलीं. प्रतिकृति करण्यास उत्साह लागतो. ती राखण्यास दरसाल पैसा लागतो, आणि त्याचें नांव अंदाजपत्रकांत क्वचितच दिसतें.

म्हणून वालूरची प्रतिकृति कोणी करणार असेल तर मूळ छायाचित्रें साध्या, सर्वत्र चालणाऱ्या रूपांत परभणीस एक, पुण्यामुंबईस एक अशीं निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावीं. तींतील नांवें व खुणा मराठींत असाव्यात, आणि ती पहिल्यानें सेलूच्या शाळांतून दाखवावी. ज्या म्हाताऱ्यांना बारवेंत पोहल्याचें आठवतें त्यांचें बोलणेंही तींत घालावें. कोणती पायरी निसरडी आणि पाणी कोठवर चढे, हें यंत्रास मोजतां येत नाहीं. आणि मापन दोनदां करावें: एकदां पावसाळ्यानंतर, आणि एकदां वैशाखांत, पाणी उतरून खालच्या पायऱ्या उघड्या पडतात तेव्हां.